हट्टीचं फूल

८ नोव्हेंबर

सूनबाई,

फोन का उचलत नाही म्हणून विचारलंस. अगं, उचलते, पण 'हॅलो'च्या पुढचं काही ऐकू येत नाही आणि मग मी नुसती 'हो हो' म्हणत बसते. मागच्या आठवड्यात अशाच एका 'हो'पायी एक माणूस नवी गादी घेऊन दारात उभा राहिला. त्याला परत पाठवता पाठवता माझा घसा बसला. तेव्हा पत्रच बरं.

झाडं मजेत आहेत. तू जाताना सांगितलंस ते सगळं करते. त्या जबडेवाल्या झाडाला परवा माशी भरवली. स्वतः मारली आणि चिमट्यानं त्याच्या तोंडात नेऊन ठेवली. तोंड मिटलं, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर तोंड उघडं आणि माशी आत तशीच. तुझा नवरा लहानपणी असंच करायचा. घास गालात धरून ठेवायचा आणि माझी पाठ फिरली की थुंकायचा. झाडंही मेल्यानं आपल्या वळणाचीच आणली.

सुरयांच्या वेलीत मात्र घाण पाणी साठलं होतं, आत मेलेल्या मुंग्या. डास होतील म्हणून सगळं ओतून टाकलं आणि एकेक सुरई आतून कापडानं पुसून घेतली. आता लख्ख आहेत.

हट्टी आहे तशीच आहे. इतकी वर्षं झाली, फुलाचा पत्ता नाही. सकाळचा चहा मी तिच्यासमोर बसून घेते. तो म्हणायचा, आई, दोन ऑर्किडांपासून मी हे तिसरंच केलंय, याचं फूल जगात कुणी बघितलेलं नाही, मीसुद्धा नाही. तो तर न बघताच गेला. आता त्याचं म्हणून बघायचं एवढं एकच उरलंय माझ्यासाठी. ते बघितल्याशिवाय मी काही मरत नाही, ही धमकी समज.

तुझी नवी नोकरी कशी आहे? तू दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतेस आणि मी इथं जबडे भरवते. सासू-सुनेचा धंदा एकच झाला.

तुझी बहिरी सासू

१७ नोव्हेंबर

आई,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि हसताना डबा सांडला. लॅबमधल्या बाई विचारत होत्या काय झालं. सासूबाईंनी सुरया पुसल्या म्हटलं, त्यांना काय कळणार! आई, ते पाणी घाण नव्हतं. त्यातच ती किडे जिरवते. ते तिचं पोट आहे, तुम्ही पोट धुऊन पुसून ठेवलंत. असू दे. प्रत्येक सुरईत चमचाभर पाणी घाला, बाकीचं ती करेल.

आणि मेलेली माशी हलत नाही ना, म्हणून झाडाला वाटतं उगाच काहीतरी पडलं, आणि ते तोंड उघडून टाकतं. तोंड मिटलं की बाहेरून काडीनं हळूहळू चोळायचं, म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे असं त्याला वाटतं. तो हे टीव्ही बघता बघता करायचा, आठवतं?

माझं बरं चाललंय. लॅब तळघरात आहे. माझ्या टेबलावर मेणाचे आणि प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असतात. खोली लहान आहे आणि खिडकीसमोर भिंत, उजेड अजिबात नाही. म्हणून तर झाडं तुमच्या गळ्यात घालून आले.

एक विचारायचं होतं. तुम्ही झाडांना पाणी कुठलं घालता? तो आमच्या खोलीतल्या एसीच्या नळीखाली बादली ठेवायचा, त्यातलंच घालायचा. तुम्ही तर त्या खोलीत जात नाही, एसी लावत नाही. मग बादलीत पाणी येतं कुठून?

तुमची
सून

२९ नोव्हेंबर

सूनबाई,

पकडलंस. एसी बंद आहे. ती खोली मी उघडतच नाही, उघडली की त्याच्या शर्टांचा वास येतो. नळाचं पाणी घालायचं नाही एवढं माझ्या लक्षात होतं, म्हणून मी ते चांगलं खळाखळा उकळून, गार करून, गाळून घालत होते. तान्ह्या बाळाला देतात तसं. आणखी किती स्वच्छ करायचं?

खरं सांगायचं तर जबडेवाल्याचे सगळे जबडे काळे पडलेत. मागच्या पत्रात 'मजेत' लिहिलं ते खोटं होतं. वाटलं सुधारेल, तुला कशाला घोर. सुरयाही कडेनं वाळायला लागल्यात. मी काय चुकले ते मला कळत नाही आणि मला फार वाईट वाटतंय. रडले म्हटलं तरी चालेल.

पण हे सगळं बाजूला ठेव आणि नीट बस. हट्टीला फुलाचा दांडा आलाय. दुसऱ्या पानाच्या बगलेतून निघालाय, हिरवागार, बोटाएवढा. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनला वर बोलावून त्यालाही दाखवला. तो म्हणाला, आजी, मला वायरीतलं कळतं, झाडातलं नाही. पण तोही बघत उभा राहिला.

इतक्या दिवसांनी या घरात काहीतरी येणार आहे, जाणार नाही. रजा काढून ठेव. फूल आपण दोघींनी एकत्र बघायचं.

तुझी सासू

७ डिसेंबर

आई,

उकळून जंतू मरतात, पण पाण्यातला क्षार मरत नाही. उलट पाणी आटतं आणि क्षार दाट होतो. तुमच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तोच. या झाडांना तेवढाच सोसत नाही. तुम्ही मुद्दाम केलेलं नाही, हे कोणालाही कळेल. जबडेवाल्याचं काळं कापून टाका, खाली कंद पांढरा असेल तर अजून जीव आहे.

हट्टीचं म्हणाल तर आधी बघा, ते मूळ तर नाही? सगळे सुरुवातीला फसतात. मूळ असेल तर टोक गोल आणि गुळगुळीत असतं. दांडा असेल तर टोक चपटं असतं, बोटं मिटलेल्या हातमोज्यासारखं. पानं कशी आहेत तेही लिहा.

आता जे लिहितेय ते लिहू की नको असा विचार करत चार दिवस घालवले. माझ्या खिडकीसमोर भिंत नाही, आई. सकाळी उजेड माझ्या उशीपर्यंत येतो. हट्टीला मी सहज आणू शकले असते. मी तिला मुद्दाम मागे ठेवून आले, कारण मला ते फूल यायलाच नको होतं. ते येत नाही तोवर त्याचं काहीतरी बाकी आहे असं मला वाटतं. फूल येईल, दोन महिने राहील, गळून पडेल, आणि मग खरंच संपेल सगळं. तो लिफ्ट दुरुस्त करताना खाली पडला, त्या दिवशी सगळे येऊन मला सांगत होते की संपलं. मी अजून ते मानलेलं नाही. म्हणून ते मूळच असू दे, असं मी इथं बसून म्हणतेय. मला माफ करा.

सून

१६ डिसेंबर

सूनबाई,

माफ करायला तू काही चोरी केली नाहीस. आईला फूल हवंय आणि बायकोला नकोय, असं हे आपल्या दोघींचं. मी तुला दोष देत नाही. मात्र मी तुझ्यासारखी थांबू शकत नाही.

तो दांडाच आहे. टोक अगदी हातमोज्यासारखं, आणि आता त्यावर बारीक बारीक गाठी धरल्यात. त्या कळ्या होणार ना?

पानं विचारलीस. पानं थोडी मऊ पडलीत, कातड्याच्या जुन्या पाकिटासारखी सुरकुतलेली. सगळ्यात खालची दोन पिवळी पडून गळली. म्हातारी झाली असतील. पाणी मी भरपूर घालते. आणि तिची मुळं कुंडीच्या बाहेर लोंबत होती, उघडी, पांढरीफटक. थंडी सुरू झाली तसं मला ते बघवेना. मागच्या महिन्यात खालच्या बागेतली चांगली काळी माती आणून मुळं सगळी झाकून टाकली, वरून हलक्या हातानं दाबली. त्यानंतरच दांडा आला बघ. तिलाही ऊब हवी होती.

सासू

२१ डिसेंबर

आई,

हे पत्र उभ्यानं वाचू नका, बसा.

ती माती आजच काढा. ऑर्किडच्या मुळांना हवा लागते, ती झाडांच्या फांद्यांवर उघडीच वाढतात. मातीत ती कुजतात. पानं सुरकुतली ती पाण्यावाचून, तुम्ही भरपूर घालत असलात तरी. पाणी प्यायला मुळं उरलेली नाहीत. दांडा त्या उबेनं आलेला नाही. झाडाला आपलं संपत आलंय हे कळलं की ते उरलंसुरलं सगळं फुलात घालतं. आजारी ऑर्किडला असा दांडा आला की तो त्याच दिवशी कापायचा, हळहळत कापायचा, पण कापायचा.

दांडा कापा. बुंध्यापासून. कळ्या उमलल्या तर झाड राहणार नाही. कापलात तर कदाचित राहील. पुढचा दांडा यायला दोन वर्षं लागतील, जास्तही लागतील, पण झाड असेल. असं दुसरं झाड कुठेच नाही.

पत्राला उशीर होईल म्हणून तीनदा फोन केला. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि ठेवून दिलात.

सून

२८ डिसेंबर

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं.

आधी लिहितेस, मला ते फूल नको. पुढच्या पत्रात लिहितेस, कापून टाका. मी बहिरी आहे, खुळी नाही. तुझ्या मनातलं तू माझ्या हातून करवून घेणार? तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. इथं रोज सकाळी तिच्यासमोर मी बसते.

कळ्या धरल्यात. सगळ्यात खालची वाटाण्याएवढी झालीय. महिन्याभरात उमलेल. आणि तू सांगतेस की दोन वर्षं थांबा. तू थांब. तुझं वय आहे थांबायचं. मी सत्तरी ओलांडली, डावा डोळा अर्धा गेलाय, उजव्यावर सुईत दोरा ओवते. दोन वर्षांनी फूल आलं तर मी काय, त्याला हात लावून बघायचं? हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायला मला सांगू नकोस.

त्याला जाताना मला बघू दिलं नाही कोणी. तोंड बघण्यासारखं नाही म्हणाले, आणि तूही त्यांच्या बाजूनं बोललीस. हे मी कधी बोलले नाही, आज बोलते. या वेळी मी बघणार.

कळावे.

२ जानेवारी

आई,

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मीच तुम्हाला आत जाऊ दिलं नव्हतं. मी बघितलं होतं, म्हणून.

आता एक मला सांगू दे. हट्टी त्यानं केली असं तो सगळ्यांना सांगायचा. हात माझे होते. पांढऱ्या ऑर्किडचे पराग काढून ठिपकेवालीवर ठेवायचे होते. ते मोहरीहूनही लहान, आणि त्याची बोटं ग्रीसनं माखलेली, जाड. तीनदा त्यानं ते खाली पाडले. मग मी तेव्हाच्या लॅबमधून आणलेल्या दात कोरायच्या सुईनं उचलले आणि ठेवले. तो श्वास रोखून माझ्या खांद्यावरून बघत होता. शेंग धरली, बी रुजवायला बाटलीत घातलं, त्यातली बाटलीभर रोपं मेली आणि ही एक राहिली. हट्टी हे नाव मी ठेवलं. ती दोन्ही मूळ झाडंही आता नाहीत. आई, आम्हाला दुसरं काही झालं नाही. हे एवढंच झालं.

मला फूल नको म्हणाले होते, झाड नको असं कधीच म्हटलं नाही.

शनिवारी सकाळच्या बसनं येतेय. दांड्याला हात लावणार नाही. तुमच्याशिवाय कुणी लावणारही नाही. फक्त कुंडीतून काढून दोघी मुळं बघू. मग तुम्ही म्हणाल तसं.

सून

१२ जानेवारी

आई,

नीट पोचले. हट्टीला बसमध्ये मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, कुंडीचं अर्धं तिकीट लागेल. चेष्टा होती हे मला दोन स्टॉप गेल्यावर कळलं.

ती आता माझ्या उशीजवळच्या खिडकीत आहे. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत बसवलीय, वरून प्लास्टिकची पिशवी, आत ओलावा राहावा म्हणून. पानं अजून तशीच मऊ आहेत. काही सांगता येत नाही. खोटं 'मजेत' मी लिहिणार नाही.

तुम्ही दार उघडलंत आणि पाठ फिरवून आत गेलात, तेव्हा मला परत फिरावंसं वाटलं होतं. मग बेसिनमध्ये माती धुतली आणि एकेक मूळ हातात येऊन भिजल्या दोऱ्यासारखं सुटायला लागलं, तेव्हा तुमच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी ते एकच उरलं, करंगळीएवढं, टणक. मी तेवढंच म्हणू शकले, "आई, हिला अजून एक मूळ आहे."

तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, रागानं गेलात. तुम्ही कपडे बेतायची मोठी कात्री घेऊन आलात. जिला तुम्ही जन्मात कागद लावू दिला नाहीत. मी एकदा तिनं दुधाची पिशवी कापली होती तर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हतात. मी हात पुढे केला तर म्हणालात, "राहू दे. या घरात कापायचं काम माझं आहे."

दांडा तुम्ही बुंध्यापासून एकाच झटक्यात कापलात. त्यानंतर तुम्ही कात्री पुसत किती वेळ उभ्या होतात, ते मी आरशात बघत होते.

तुमचीच
सून

२४ जानेवारी

सूनबाई,

पत्र पोचलं. हट्टी कशी आहे ते दर आठवड्याला लिही, चांगलं असो वाईट असो.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. तू गेल्यावर तो दांडा मी पेल्यात पाणी घालून ठेवला. साखर घातली चिमूटभर. कापलेली फुलं पेल्यात उमलतात, कळ्या का नाही उमलणार असं मनात होतं. वरच्या कळ्या पिवळ्या पडून एकेक गळल्या. खालची मोठी राहिली. ती काही दिवस फुगली, मी जेवतानासुद्धा पेला समोर ठेवायचे. मग तिचं फुगणं थांबलं. देठाशी पिवळी दिसायला लागली आणि मला कळलं की ही पण जाणार.

मी टाके उसवायचं पातं घेतलं. करू नये ते केलं. शिवण उसवतात तशी ती कळी कडेकडेनं उसवली. आत पाकळ्या नीट घडी घालून ठेवल्या होत्या, इस्त्री केल्यासारख्या. पण रंग नव्हता. फिक्या हिरव्या, बस. रंग शेवटी चढत असेल, उमलताना. इतकं करून मला काही दिसलं नाही.

एका पाकळीवर एक ठिपका होता. जांभळट, टाचणीच्या डोक्याएवढा. तो खरा ठिपका होता की माझ्या पात्याचा डाग, ते मला सांगता येत नाही. भिंग लावून बघितलं, उजेडात नेऊन बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळंच तपकिरी झालं. खूप रडले. त्याच्या खोलीत जाऊन रडले, दार उघडून.

उघडलीच आहे खोली तर आता दुपारी तिथं बसते. दोन स्वेटर घालून एसी लावते. इलेक्ट्रिशियन म्हणतो, आजी, थंडीत एसी लावणारी तुम्हीच बघितली. बादलीत जेमतेम पेलाभर पाणी पडतं, पण ते त्या जबडेवाल्याला पुरतं. कंद पांढरा निघाला होता, तुला सांगायचं राहिलं. अजून वर काही आलेलं नाही.

तू म्हणालीस दोन वर्षं, कदाचित जास्त. मी वाट बघणार आहे. जमेल की नाही माहीत नाही, पण आता तुझ्यासारखीच बघणार, दुसरा उपाय नाही. तू मात्र एक कर. तिला फूल येऊ नये असं पुन्हा मनात आणू नकोस. एक मूळ आहे तिला, तुझी भीती उचलायची ताकद तिच्यात नाही.

आणि फूल आलंच तर मला पत्रानं कळवू नकोस. त्याचा रंग मला लिहून सांगू नकोस. बस पकड आणि मला न्यायला ये.

आई